घोडे न बदलणाऱ्यांची गोष्ट

बदलापूर हे नाव कसं पडलं, असं इथल्या कोणाही जुन्या माणसाला विचारा. पूर्वी या वाटेने जाणारे स्वार इथे थांबत, दमलेले घोडे सोडत आणि ताज्या दमाचे घोडे घेऊन पुढे जात, म्हणून बदलापूर, असं उत्तर मिळेल. मी इतिहास शिकवत असताना ही हकिकत वर्गात सांगायचो, पण तिच्या आधी "असं म्हणतात" हे दोन शब्द न चुकता जोडायचो. मुलांना ती आवडायची. मला मात्र तिची वेगळीच गंमत वाटते. घोडे बदलण्याच्या या गावात आमच्या पिढीने आपला घोडा सहसा बदललाच नाही. एकदा घेतलेली मोटरसायकल वीस-वीस वर्षं चालवली, आणि ती चालती ठेवण्यासाठी घरच्या ओट्यावर बसून स्वतः खोलली आणि स्वतः जोडली.

तर मंडळी, आजचा विषय आहे घरच्या घरी गाडी दुरुस्त करण्याचा इतिहास. हसू नका! राजे, लढाया आणि तह यांच्यावर मी तीस-बत्तीस वर्षं बोललो. पान्याचाही इतिहास असतो हे पाठ्यपुस्तकात नव्हतं, म्हणून ते आता इथे लिहितो आहे.

सुरुवात टंचाईपासून करायला हवी. आपल्या देशात १९५५ साली मद्रासला एनफिल्डची बुलेट बनू लागली. म्हैसूरला आयडियल जावाचा कारखाना १९६१ च्या सुमारास चालू झाला, आणि एस्कॉर्ट्‌सची राजदूत त्याच्याच पाठोपाठ आली. राजदूत मुळात पोलंडची, जावा चेकोस्लोव्हाकियाची आणि बुलेट इंग्लंडची. कोणी वर्षाला किती गाड्या बनवायच्या हे सरकारी परवान्यावर ठरत होतं. मागणी मोठी आणि माल थोडा. बजाजच्या स्कूटरसाठी नाव नोंदवून लोक वर्षानुवर्षं थांबायचे. घरात मूल जन्माला आल्यावर नंबर लावला आणि ते शाळेत जायला लागल्यावर स्कूटर आली, असं आम्ही थट्टेने म्हणायचो, पण त्यात अतिशयोक्ती फार नव्हती. जिथे नवी गाडी मिळायचीच मारामार, तिथे जुनी टाकून देणार कोण? सेकंडहँड गाडी, सेकंडहँड सुटे भाग आणि फर्स्टहँड मेहनत, असा तो हिशोब होता.

हा हिशोब देशभर तोच होता. पण आमच्या भागात त्याला एक खास जोड मिळाली. अंबरनाथ, उल्हासनगर आणि बदलापूर ही तीन गावं एकाच रेल्वेमार्गावर, एकमेकांना लागून आहेत. दुरुस्तीला जे जे लागतं ते या तिघांनी आपसात वाटून घेतलं होतं.

अंबरनाथने हात दिले. इथलं शिवमंदिर शके ९८२ चं, म्हणजे इ.स. १०६० चं. ते घडवणाऱ्या पाथरवटांपासूनच या गावाला हातकामाची सवय आहे, असं मी गमतीने म्हणतो. पण खरी सुरुवात विसाव्या शतकातली. १९२० च्या दशकात विमकोचा काडेपेटीचा कारखाना आला. स्वातंत्र्यानंतर ऑर्डनन्स फॅक्टरी आणि तिच्याबरोबर मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी आली. १९६२ साली एमआयडीसीची स्थापना झाली आणि पुढे अंबरनाथ-बदलापूरला तिचेही कारखाने उभे राहिले. यामुळे गल्लोगल्ली फिटर, टर्नर, मिलर, वेल्डर राहू लागले. 'सूत' आणि 'थाउ' ही मापं त्यांच्या बोलण्यात सहज यायची. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, थाउ म्हणजे इंचाचा हजारावा. लष्करासाठी थाउच्या हिशोबात काम करणाऱ्या माणसाला मोटरसायकलचं इंजिन म्हणजे सुट्टीचा विरंगुळा!

उल्हासनगरने सुटे भाग दिले. दुसऱ्या महायुद्धात तिथे कल्याण मिलिटरी ट्रान्झिट कॅम्प होता. फाळणीनंतर त्या बराकींमध्ये सिंधी निर्वासितांना आणून वसवलं गेलं. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते नव्या गावाची कोनशिला बसली आणि उल्हास नदीवरून त्याला नाव मिळालं. पण 'कॅम्प नंबर अमुक' ही बोलायची पद्धत आजही गेलेली नाही. सगळं सोडून आलेल्या माणसांनी त्या बराकींतून धंदा उभा केला. 'मेड इन यूएसए' म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद आम्ही सगळ्यांनी केला आहे. पण खरं सांगायचं तर कंपनीचा भाग मिळत नसे किंवा परवडत नसे, तेव्हा तिथल्या दुकानात काहीतरी नक्की मिळायचं. दुकानदार दोन पुड्या समोर ठेवायचा आणि विचारायचा, "मास्तर, ओरिजिनल की चालू?" मी म्हणायचो, "साईं, पगार एक तारखेला आहे." मग तो न बोलता चालूची पुडी पुढे सरकवायचा.

आणि बदलापूरने गरज दिली. १८५६ साली कल्याणहून पळसदरीपर्यंत रेल्वे गेली तेव्हापासून हा भाग रुळांना बांधलेला. स्टेशनपासून घर दोन-तीन मैल, कारखान्याची शिफ्ट सकाळी सातची, रस्ता खड्ड्यांचा आणि पाऊस चार महिन्यांचा. सकाळी गाडी चालू झाली नाही तर लोकल गेली, लोकल गेली तर हजेरी गेली. त्यामुळे इथे गाडीची निगा ही हौस नव्हती, रोजीरोटीचा भाग होती.

आमच्या घरी १९८१ साली सेकंडहँड गाडी आली. कंपनीचं नाव राहू दे, टू-स्ट्रोक होती एवढं पुरे. थोरल्या बहिणीचे यजमान, आमचे भाओजी, कारखान्यात फिटर. रविवारी ते यायचे. मी मराठी माध्यमाचा बी.ए., मला पाना कोणत्या बाजूने धरायचा हेही शिकावं लागलं. त्यांचा पहिला धडा मला अजून पाठ आहे. "मास्तर, आधी ऐका. मग बघा. मग हात लावा. खोलायची घाई करू नका." शिक्षणशास्त्राच्या पुस्तकात याहून वेगळं काय असतं?

नव्या वाचकांसाठी थोडं समजावून सांगतो. टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोलमध्येच ऑइल मिसळावं लागे, जुन्या गाड्यांना लिटरमागे साधारण चाळीस मिली. ते ऑइल पेट्रोलबरोबर जळतं, आणि पुरतं जळत नाही म्हणून काजळी धरते. ती प्लगवर बसली की ठिणगी पडत नाही, धूर बाहेर जाण्याच्या वाटेवर बसली की गाडी ओढत नाही, आणि सायलेन्सरमध्ये बसली की गाडीला दमा होतो. म्हणून रविवारचा क्रम ठरलेला. प्लग काढायचा, पॉलिश पेपरने घासायचा आणि त्याची फट हॅक्सॉ ब्लेडने तपासायची. ब्लेड फटीत जेमतेम सरकलं की माप बरोबर. मग पॉइंट साफ करायचे. कार्बोरेटर खोलून जेटमध्ये फुंकर मारायची. जेटचं छिद्र इतकं बारीक की धुळीचा एक कण अडकला तरी गाडी रस्त्यात उभी. चेन रॉकेलमध्ये धुऊन, पुसून तिला ऑइल द्यायचं. वर्षा-दीड वर्षाने हेड उतरवून पिस्टनच्या माथ्यावरची काजळी खरवडायची आणि सायलेन्सरची आतली नळी जाळून साफ करायची.

यातली प्रत्येक गोष्ट घरातूनच यायची. रॉकेल रेशनचं, म्हणजे स्वयंपाकघरातून उसनं घेतलेलं. चिंध्या जुन्या बनियनच्या. नटबोल्ट ठेवायला स्टीलची ताटली, जी नंतर पुन्हा स्वयंपाकघरात जाऊ शकत नसे. आमच्या सौ.ने अशा दोन ताटल्या कायमच्या सोडून दिल्या, हे तिचं या इतिहासातलं योगदान इथे नोंदवून ठेवतो. गाडी चालू झाली की पहिली फेरी मात्र तिचीच, भाजी आणायला.

आता मला जे मुख्य सांगायचं आहे त्याकडे येतो. आमच्यासारख्या पांढरपेशा घरात हाताला काळं ऑइल लागणं कमीपणाचं समजत. शिकलेला माणूस खुर्चीवर बसणार आणि कारागीर जमिनीवर, असा अलिखित नियम. शेजारचे एक गृहस्थ मला म्हणाले होते, "मास्तर, हे शोभतं का तुम्हाला?" ओट्यावर भाओजींच्या शेजारी फतकल मारून बसलो तेव्हा तो नियम माझ्यापुरता मोडला. आमचे भाओजी दहावीपर्यंतही शिकलेले नव्हते. पण आवाजावरून बिघाड ओळखणं, एकेक कारण बाजूला काढत शेवटच्या कारणाशी पोचणं, पुरावा मिळेपर्यंत निष्कर्ष न काढणं, हे त्यांना मुरलेलं होतं. इतिहासाच्या विद्यार्थ्याने नेमकं हेच करायचं असतं. खंडेनवमीला आम्ही पाने, पकड, हातोडी मांडून पूजा करायचो. पहिल्या वर्षी माझी शाळेची पुस्तकंही त्यांनीच उचलून त्या हत्यारांशेजारी ठेवली. काही बोलले नाहीत. आज ते नाहीत, पण त्या मांडणीचा अर्थ मला दरवर्षी थोडा जास्त कळतो.

पुढे काळ बदलला. १९८४ ते १९८६ या दोन-तीन वर्षांत जपानी कंपन्यांच्या भागीदारीतल्या १०० सीसीच्या गाड्या आल्या. १९८५ ची हिरो होंडा सीडी १०० फोर-स्ट्रोक होती. पेट्रोल भरा, झाकण लावा आणि विसरून जा, या अर्थाची तिची इंग्रजी जाहिरात गाजली. 'विसरून जा' हा शब्द आमच्या रविवारच्या मुळावर आला! फोर-स्ट्रोकमध्ये ऑइल वेगळं राहतं, त्यामुळे काजळी फारच कमी. पुढे इलेक्ट्रॉनिक इग्निशन आलं आणि पॉइंट गेले. उरलं काय, तर ऑइल बदलणं, टॅपेट सेट करणं, चेन आणि केबल. हे वाईट झालं असं मी म्हणणार नाही. धूर कमी झाला, ॲव्हरेज वाढलं, आणि सकाळी किक मारून मारून दमणं थांबलं.

या विद्येची मोठी परीक्षा झाली ती २६ जुलै २००५ ला. त्या दिवशी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. इकडे उल्हास नदी पात्र सोडून वस्तीत शिरली. पाणी ओसरल्यावर गल्लीत चिखलाने भरलेल्या गाड्यांची रांग लागली. गॅरेजवाले बिचारे स्वतःच बुडालेले. तेव्हा जुने रविवारवाले बाहेर पडले. पहिली सूचना एकच: कोणीही किक मारू नका! पाणी हवेसारखं दाबलं जात नाही. इंजिनात पाणी असताना जोर लावला तर आतला रॉड वाकतो. आधी प्लग काढा, मग किक मारून पाणी बाहेर काढा. कार्बोरेटरचं भांडं रिकामं करा. ऑइल सोडा, ते दुधाच्या चहासारखं दिसलं तर पाणी शिरलं आहे, नवं ऑइल घालून थोडं चालवा आणि पुन्हा बदला. एका संध्याकाळी आमच्या गल्लीतल्या अकरा गाड्या चालू झाल्या. मालक कोण, मिस्त्री कोण, ते कोणी विचारलं नाही.

२७ जुलै २०१९ ला पुन्हा पूर आला, बदलापूर-वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली आणि हजाराच्या वर प्रवाशांना सोडवावं लागलं, तेव्हाही गाड्या बुडाल्या. पण त्या खेपेला बऱ्याच जणांनी विमा कंपनीला आणि सर्व्हिस सेंटरला फोन लावले.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ चे नियम लागू झाले. जवळजवळ सगळ्या गाड्यांचा कार्बोरेटर गेला आणि फ्युएल इंजेक्शन आलं. आता किती पेट्रोल सोडायचं ते एक छोटा संगणक ठरवतो. बिघाड झाला तर डॅशबोर्डवर दिवा लागतो, आणि त्या दिव्याचा अर्थ सांगणारं यंत्र दुकानदाराकडे असतं. हवा स्वच्छ व्हावी म्हणून हे झालं, आणि ते आवश्यकच होतं. टू-स्ट्रोकचा निळा धूर मी पुरेसा गिळला आहे. पण यात मालकाच्या हातातून काहीतरी गेलं. गाडी माझी, हप्ते माझे, मात्र तिला काय झालं आहे ते कळण्याचा अधिकार दुसऱ्याकडे. हा प्रश्न एकट्या म्हाताऱ्याचा नाही. जगभर 'दुरुस्तीचा हक्क' मागितला जातो आहे. आपल्याकडेही केंद्र सरकारने २०२२ साली त्यासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरात एक पोर्टल सुरू केलं. त्यात मोबाइल, घरगुती उपकरणं, शेतीची अवजारं यांच्याबरोबर वाहनंही आहेत. कंपन्यांनी माहितीपुस्तिका आणि सुटे भाग ग्राहकाला मिळू द्यावेत, हा त्यामागचा विचार.

माझ्या नातवाकडे बीएस-६ ची गाडी आहे. त्याला मी जुन्या दिवसांची पोथी वाचून दाखवत नाही. त्याला एवढंच सांगतो की अजूनही चार गोष्टी तुझ्या हातात आहेत: चेनचा ताण, टायरमधली हवा, ब्रेकचा खेळ आणि ऑइलचा रंग. महिन्यातून एकदा त्या तूच बघ. बाकी काम खुशाल सर्व्हिस सेंटरला दे, पण मिस्त्री काम करत असेल तेव्हा मोबाइल खिशात ठेव, शेजारी उभा राहा आणि "काय झालं होतं, दादा?" असं विचार. तो माणूस सांगतो, आनंदाने सांगतो. त्याला असं विचारणारे आता फार थोडे उरलेत.

असो. तुमच्यापैकी कोणाच्या माळ्यावर जुना पान्यांचा डबा पडून असेल, तर या खंडेनवमीला तो खाली काढा. गंजला असेल तर थोडं ऑइल लावा. आणि तो वापरणारं माणूस अजून घरात असेल, तर त्याला त्यातला एकेक पाना कशाचा ते विचारून घ्या.