काळूचा गाळ आणि मिनामाताची नाळ

जपानमधील मिनामाता येथे रोग आधी दिसला, विष मागाहून सापडले. चिस्सो कारखान्याच्याच रुग्णालयाचे प्रमुख हाजिमे होसोकावा यांनी १ मे १९५६ रोजी मज्जासंस्थेच्या एका अनाकलनीय विकाराची वर्दी आरोग्य केंद्राला दिली. हातापायांची बधिरता, जाणारा तोल, आक्रसत जाणारी नजर अशी त्याची लक्षणे होती. कुमामोतो विद्यापीठाने सेंद्रिय पाऱ्याकडे बोट दाखवले ते १९५९ मध्ये. त्याच वर्षी होसोकावांनी कारखान्याचे सांडपाणी घातलेले अन्न एका मांजराला देऊन पाहिले. मांजराला तोच विकार जडला. कारखान्याने तो निष्कर्ष दडपला. सरकारने कारण मान्य केले १९६८ साली.

कल्याणशेजारच्या काळू नदीची कथा उलट्या टोकाकडून सुरू होते. येथे आधी आले ते रसायनशास्त्रज्ञ. आंबिवलीजवळ मोहने येथे रेयॉनचा मोठा कारखाना होता. रेयॉनला कॉस्टिक सोडा लागतो आणि मिठाच्या द्रावणातून वीज सोडून तो काढण्याच्या जुन्या पद्धतीत पाऱ्याचा थर हा विजेचा एक ध्रुव असे. त्यातला थोडाथोडा पारा सांडपाण्याबरोबर निसटे. काळू उल्हासला मिळते, उल्हास खाडीला. १९७५ मध्ये तेजम आणि हल्दर यांनी मुंबई-ठाणे परिसरातील माशांमधल्या पाऱ्याची प्राथमिक पाहणी प्रसिद्ध केली. २००३ मध्ये राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी उल्हासच्या खाडीतील गाळामधल्या पाऱ्याचा अभ्यास मांडला. गाळ थरावर थर बसत जातो. त्याचा उभा छेद घेतला की कारखान्यांपूर्वीची खाडी खाली आणि नंतरची वर अशी वाचता येते. इतिहासाच्या अभ्यासकाला हेवा वाटावा असे हे दफ्तर.

तरीही काळूला ‘आपले मिनामाता’ म्हणून मोकळे होणे आम्हाला घाईचे वाटते. मिनामातात पारा कारखान्यातूनच सेंद्रिय, म्हणजे शरीरात सहज भिनणाऱ्या रूपात बाहेर पडत होता. आपल्याकडचा तसा नव्हता. त्याला ते रूप येते गाळातल्या सूक्ष्मजीवांमुळे, हे स्वीडनमधील संशोधकांनी १९६९ मध्ये दाखवले. म्हणजे प्रश्न सुटत नाही, सावकाश होतो. शिवाय माशातील पारा मोजणे वेगळे आणि निवट्या, बोई, कोलंबी रोज खाणाऱ्या कोळी-आगरी माणसाची बोटे तपासणे वेगळे. पहिले काम प्रयोगशाळेत होते. दुसऱ्यासाठी दारोदार जावे लागते आणि वर्षानुवर्षे जात राहावे लागते.

१९६९ मध्येच मिचिको इशिमुरे यांचे ‘कुगाई जोदो’ हे पुस्तक आले. त्यात वैद्यकीय नोंदी आणि मच्छीमारांची बोली शेजारी शेजारी नांदतात. साहित्याच्या विद्यार्थ्यांनी ते केवळ प्रदूषणावरचे पुस्तक म्हणून वाचू नये. पुरावा कशाला म्हणायचे, हाच त्याचा विषय आहे.

त्या पुराव्याचा एक विलक्षण प्रकार पुढे समोर आला. जपानी घरांतून बाळाच्या नाळेचा वाळलेला तुकडा लहानशा डबीत जपून ठेवतात. १९७० च्या दशकात संशोधकांनी मिनामाता परिसरातील अशा नाळा मिळवून त्यांतला पारा मोजला. ज्या बाळांच्या आयांना फारसा त्रास दिसला नव्हता, त्यांच्याही पोटात विष कसे पोचले याचा माग त्यामुळे जन्मवर्षानुसार लावता आला.

मोहन्याचा कारखाना २००९ मध्ये बंद पडला. पाऱ्याविषयीचा जागतिक करार २०१३ मध्ये मिनामाताच्याच नावाने झाला, भारताने तो २०१८ मध्ये स्वीकारला. खाडीचा गाळ अजून तपासता येतो. नाळ मात्र आपल्याकडे जपून ठेवत नाहीत, पुरतात.