मुद्गल परदेशी गेला, बैठक घरीच राहिली

मंडळी, क्लायंटला रोज 'बॉलपार्क' आकडे देणाऱ्या आणि दर दोन दिवसांनी कुणाशी तरी 'टच बेस' करणाऱ्या आपल्या जमातीला बेसबॉल मात्र शष्प कळत नाही. म्हणून ह्या वीकेंडला बेसबॉल. पण सगळा खेळ नाही, फक्त त्यातला फटका. कारण त्या फटक्याचा आपल्या तालमीशी जुना संबंध आहे, आणि त्या संबंधात मधेच एक मोठी गळती झालेली आहे.

आधी यंत्र समजून घेऊ. बघणाऱ्याला वाटतं, गडी दंडाच्या जोरावर मारतोय. प्रत्यक्षात तो आधी वजन मागच्या पायावर नेतो, मग पुढचा पाय उचलून टाकतो आणि घट्ट रोवतो. रोवलेल्या पायावर आधी खुबे वळतात, त्यांच्यामागून खांदे, मग हात आणि सगळ्यात शेवटी बॅट. १९९५ साली अमेरिकेत व्यावसायिक खेळाडूंच्या फटक्याची मोजमापं प्रसिद्ध झाली. पुढचा पाय टेकताना जमिनीवर शरीराच्या वजनाच्या सुमारे १२३ टक्के जोर पडतो. खुबे सेकंदाला ७१४ अंशांच्या वेगाने फिरतात, खांदे ९३७ च्या, आणि बॅट सेकंदाला ३१ मीटर, म्हणजे ताशी साधारण ११२ किलोमीटर वेग गाठते. वेग खालून वर वाढत जातो. आसूड ओढताना मूठ थांबते आणि शेंडा कडाडतो, तसलाच हा प्रकार. हात बिचारे फक्त निरोप्याचं काम करतात.

हे कळायला प्रयोगशाळाच लागते असं नाही बरं का. आमच्या लाखांदूरकडे, भंडारा जिल्ह्यातल्या धानाच्या मुलखात, धान कापून बांध्या मोकळ्या झाल्या की विटीदांडू सुरू व्हायचा. विटी सगळ्यात लांब घालवणारा पोरगा बहुतेक वेळा काटकुळाच असायचा, पण मारताना अख्खा गरकन फिरायचा. दंडात बेटकुळ्या असलेले नुसते हात झाडायचे आणि विटी पुढच्या धुऱ्यापर्यंतसुद्धा जायची नाही. सरपण फोडणाऱ्या माणसाकडे बघा. कुऱ्हाड खाली येते तेव्हा त्याचे गुडघेही वाकतात.

तालमीला तर हे पक्कं ठाऊक होतं. मराठीत 'जोरबैठका' हा एकच शब्द आहे. दंड-छातीचे जोर आणि मांड्यांच्या बैठका आपण बोलतानासुद्धा वेगळ्या करत नाही. मुद्गलाची जड जोडी फिरवायची तर नुसत्या खांद्याने ती फिरतच नाही. पाय फाकवून, गुडघे सैल सोडून, वजन ह्या पायावरून त्या पायावर नेत ती फिरवावी लागते. नाहीतर खांदा गेलाच म्हणून समजा.

एकोणिसाव्या शतकात इंग्रज लष्करी अधिकाऱ्यांनी हे मुद्गल पाहिले आणि उचलले. त्यांना नाव पडलं 'इंडियन क्लब'. १८३४ साली लंडनमध्ये डोनाल्ड वॉकरने आपल्या व्यायामाच्या पुस्तकात ते घातले, आणि पुढे खास स्त्रियांसाठी हलकी आवृत्तीही काढली. १८६६ मध्ये सिम किहोने अमेरिकेत ह्याच विषयावर पुस्तक छापलं. शिवाय तो स्वतः क्लब बनवून विकायचा. (धंदा असा करावा!) बेसबॉलचा नामांकित पिचर अल्बर्ट स्पाल्डिंग ह्याने १८७६ मध्ये खेळाच्या सामानाची कंपनी काढली, तिच्या कॅटलॉगात बॅटींबरोबर इंडियन क्लबही आले. हिवाळ्यात मैदानं बर्फाखाली गेली की बेसबॉलवाले व्यायामशाळेत हेच क्लब फिरवायचे.

गळती इथे झाली. क्लब हलके होत होत शाळांमधून अर्ध्या-एक किलोवर आले. पाय जागच्या जागी, फिरतात ते फक्त हात. १९०४ आणि १९३२ च्या ऑलिम्पिकमध्ये क्लब फिरवण्याची चक्क स्पर्धा होती, पण जिम्नॅस्टिक्सचा एक भाग म्हणून. आपल्या भाषेत सांगायचं तर प्रोग्रॅम कॉपी करून नेला आणि डीएलएल मूळ मशीनवरच राहिली. आता त्या लोकांना मूर्ख म्हणायचं कारण नाही. त्यांचं गिऱ्हाईक पैलवान नव्हतं, दिवसभर खुर्चीत वाकून बसणारे शहरी कारकून होते. त्यांना छाती रुंद आणि खांदे मागे हवे होते. (ओळखीचं वाटतंय ना?) पण चेंडू लांब मारायला त्या क्लबचा उपयोग बेताचाच.

बेसबॉलला आपल्या कमरेचा शोध मग स्वतःच लावावा लागला. १९२० साली बेब रूथने लांब पाऊल टाकून अख्खं अंग फिरवत ५४ होमरन मारले. आदल्या वर्षीचा विक्रमही त्याचाच होता, पण २९ चा! टेड विल्यम्सने पुढे फटक्याच्या शास्त्रावर पुस्तकच लिहिलं. खुबे आधी, हात मागून, हा त्यातला एक मुख्य धडा.

इकडे विदर्भातच, अमरावतीला, १९१४ मध्ये हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभं राहिलं. बडोद्याच्या द. चिं. मजुमदारांनी दहा खंडांचा 'व्यायाम ज्ञानकोश' संपादित केला. मराठीत! देशी व्यायामाची एवढी शिस्तीत नोंद केलेली असूनही आपल्या पिढीला मुद्गल भेटतो तो पुण्या-मुंबईच्या एसी जिममध्ये, 'स्टील क्लब' म्हणून. गदा तर 'मेस' होऊन आली आहे. मी जातो त्या जिममध्ये दोन्ही आरशासमोर लावून ठेवलेत. परवा एक नवा मुलगा ताठ उभा राहून खांद्यानेच क्लब ओढत होता. ट्रेनर म्हणाला, "सर, आधी तो खाली ठेवा आणि वीस स्क्वॉट मारा." म्हणजे बैठकाच.