भिंतींतील तीन छिद्रें

सेंट हेलिना हें नांव आपल्याकडील शाळकरी मुलांसही ठाऊक असतें तें नेपोलियनमुळें. १८१५ सालीं त्याला तेथें नेऊन ठेवलें आणि १८२१ सालीं तो तेथेंच वारला. परंतु या बेटाचा आपल्याशीं असलेला संबंध त्याहून जुना आहे. ईस्ट इंडिया कंपनीनें तेथें १६५९ सालीं वसाहत केली. मुंबई तिच्या हातीं आली ती त्यानंतर नऊ वर्षांनीं. १८६९ सालीं सुवेझचा कालवा खुला होईपर्यंत हिंदुस्थानांतून विलायतेस परतणारीं जहाजें पाणी व ताजी भाजी घेण्यासाठीं जेम्सटाउनला थांबत. आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून सुमारें १,९०० किलोमीटर दूर असलेल्या या बेटावर आज साडेचार हजारांच्या आसपास माणसें राहतात.

तेथें जावयास निघालेल्या मुंबईकर प्रवाशापुढें एक दिसावयास क्षुल्लक प्रश्न उभा राहतो. आपल्या उपकरणांच्या पिना तेथील भिंतींत बसतील काय? बसणार नाहींत. आपल्या पिनेला गोल खुंट्या, तेथील सॉकेटला चपटीं चौकोनी छिद्रें. नवल हें कीं वीज मात्र जवळजवळ एकच आहे. आपल्याकडे दाब २३० व्होल्ट, तेथें २४०. आणि आंदोलनें दोहींकडे सेकंदास ५०. एकाच कंपनीच्या या दोन जुन्या ठाण्यांत वीज सारखी आणि तिचें तोंड तेवढें वेगळें, असें कां व्हावें?

दाबाची हकीकत आधीं सांगितलेली बरी. एडिसननें १८८२ सालीं न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवर वीजघर सुरू केलें, तें सुमारें ११० व्होल्टांचें. त्याच्या दिव्यांतील कोळशाच्या तंतूस तेवढा दाब मानवत असे. पुढें अधिक दाब सोसणारे दिवे निघाले, तेव्हां बर्लिनच्या वीजकंपनीनें दाब दुप्पट करून टाकला. हिशेब सरळ होता. तेवढेंच काम दुप्पट दाबानें करावयाचें तर तारेंतून प्रवाह निम्मा जातो, आणि तारा तापून होणारी नासाडी चौथाईवर येते. युरोपनें व ब्रिटननें हा मार्ग धरला. अमेरिकेंत मात्र तोंवर जुन्या दाबाचे इतके दिवे लागून गेले होते कीं मागें फिरणें परवडणारें नव्हतें. जो आधीं उजळला तोच अडकला! आपण ब्रिटिशांच्या वाटेनें गेलों, बेटही त्याच वाटेनें गेलें. म्हणून दाबाच्या बाबतींत प्रवाशास चिंता नाहीं.

पिनेची गोष्ट निराळी. प्रथम घरांत वीज आली ती दिव्यांपुरती. इस्तरी किंवा पंखा आणला तर तोही दिव्याच्याच होल्डरला जोडीत. स्वतंत्र सॉकेटें आलीं तशा खुंट्यांच्या तऱ्हा वाढत गेल्या. ब्रिटनमध्यें १९३४ सालच्या बीएस ५४६ या मानकानें गोल खुंट्यांच्या पिनांची मापें बांधून दिलीं: २, ५, १५ आणि ३० अँपियर. प्रत्येक माप वेगळें. एकाची पीन दुसऱ्यांत जात नसे. आपल्या घरांत दिसणारी लहान पीन आणि गीझरची ती दांडगी पीन या दोघी याच कुळांतल्या.

दुसरें महायुद्ध चालू असतांनाच, १९४२ सालीं, युद्धानंतर बांधावयाच्या घरांत वीज कशी खेळवावी याचा विचार करण्यास ब्रिटनमध्यें एक समिती बसली. तांब्याची टंचाई होती आणि घरें तर लाखोंनीं उभारावयाचीं होतीं. समितीनें असें सुचविलें कीं तार मुख्य पाटीपासून निघून घरभर फिरावी व परत पाटीशींच यावी, आणि त्या एका कड्यावर हवीं तितकीं सॉकेटें बसवावीं. तांबें वांचलें, परंतु कड्याचा फ्यूज ३० अँपियरचा, मग दिव्याच्या बारीक वायरीचें रक्षण कोणी करावें? म्हणून प्रत्येक पिनेच्या पोटांतच एक लहानसा फ्यूज घातला. समितीवर कॅरोलाइन हॅस्लेट ही एकच स्त्री होती. मुलांचीं बोटें छिद्रांपर्यंत पोहोंचूं नयेत हा आग्रह तिनें धरला. त्यासाठीं छिद्रांवर पडदे आले. अर्थिंगची लांब खुंटी आधीं आंत जाते, ती पडदे उघडते, आणि मगच उरलेल्या दोन खुंट्यांस वाट मिळते. घरकामांत वीज वापरणारीचें मत विचारलें गेल्याचें हें एक दुर्मिळ उदाहरण होय, आणि मानकांच्या रुक्ष इतिहासांत मला तरी याहून मोलाचें पान दिसत नाहीं.

हें मानक, बीएस १३६३, प्रसिद्ध झालें १९४७ सालीं. त्याच वर्षीं हिंदुस्थान स्वतंत्र झाला. दोन घटनांत कार्यकारणभाव मुळींच नाहीं; पण विलायतेनें गोल खुंटी टाकली आणि आपण ती ठेवली. जुन्या धन्यावरील प्रेमामुळें नव्हे. भिंतींत आधींच बसलेलीं सॉकेटें उखडून टाकणें कोणासही परवडत नाहीं, एवढेंच त्याचें कारण. बेट ब्रिटिशांकडेच राहिलें व तेथें नवी चपटी खुंटी रुळली. आज इंग्लंडची युद्धपूर्व रीत पाहावयाची तर लंडनपेक्षां पुण्यांतील एखाद्या घराची भिंत पाहावी!

येथें अडॉप्टर उपयोगी पडतो, पण त्याच्याविषयीं एक गैरसमज फार पसरला आहे. तो आकार बदलतो, दाब बदलीत नाहीं. अमेरिकेहून आणलेलें १२० व्होल्टांचें केस वाळविण्याचें यंत्र सेंट हेलिनांत अडॉप्टरमधून लावलें तर त्यांत चौपट उष्णता निर्माण होऊं पाहते, आणि यंत्र जळून जातें. लॅपटॉपच्या चार्जरवर १०० ते २४० असें छापलेलें असतें, त्यास ही भीति नाहीं. दुसरा धोका अर्थिंगचा. पुष्कळ स्वस्त अडॉप्टरांत तिसरी खुंटी केवळ पडदे उघडण्यापुरती प्लास्टिकची असते. धातूच्या अंगाची इस्तरी अशा अडॉप्टरला लावूं नये. कोणी पेन्सिल खुपसून पडदे उघडतात व दोन खुंट्यांची पीन तशीच दडपतात. आपल्याकडे आगपेटीच्या काड्या खोंचून उघड्या तारा सॉकेटांत अडकविणारे कमी नाहींत, तेव्हां त्यांस हंसण्याचा अधिकार आपणांस नाहीं.

या प्रवासांत एक गंमत वाटेंतच घडते. बेटावर विमानांची नियमित ये-जा २०१७ सालीं सुरू झाली, ती जोहान्सबर्गहून. दक्षिण आफ्रिकेनें बीएस ५४६ मधील १५ अँपियरची गोल पीनच घरोघर चालू ठेवली आहे. म्हणजे आपल्या गीझरची दांडगी पीन तेथें ओळखीची निघते. अलीकडे तेथें आणखी एक लहान पीनही आली आहे. सर्व जगास एकच पीन असावी म्हणून आंतरराष्ट्रीय विद्युत् मंडळानें १९८६ सालीं जो नमुना काढला, त्यावरूनच ती बेतलेली आहे. तो नमुना फार थोड्या देशांनीं स्वीकारला. त्यामुळें जोहान्सबर्गच्या मुक्कामांत गोल पिनेचा अडॉप्टर लागतो आणि जेम्सटाउनला उतरल्यावर चपट्या पिनेचा. दुसरा मुंबईहूनच घेऊन निघावें. चार-साडेचार हजार वस्तीच्या बेटावर दुकानें थोडीं, आणि बराचसा माल समुद्रमार्गें येतो.