आधी बियाणे, मग वाटा : मिरामिशीच्या सॅमनचे गणित

दुष्काळाच्या वर्षीही जाणता शेतकरी बियाण्याला हात लावत नाही. धान्य कमी पडले तर घरच्या जेवणात कपात होते, बियाण्यात नाही. शेतीत हे सोपे, कारण बियाण्याची कणगी डोळ्यांसमोर असते. पण पीक पाण्याखाली असेल आणि दरवर्षी समुद्रातून आपण होऊन परत येत असेल, तर बियाणे म्हणून किती राखायचे? आणि हौसेने गळ टाकणाऱ्यांना किती घेऊ द्यायचे? कॅनडाच्या पूर्वेकडील मिरामिशी नदीच्या इतिहासात या प्रश्नांची उत्तरे टप्प्याटप्प्याने मिळत गेलेली दिसतात.

न्यू ब्रन्सविक प्रांतातील ही नदी अटलांटिक सॅमन माशासाठी प्रसिद्ध आहे. पावसाळ्याच्या तोंडावर आपल्याकडे ओढ्यांतून चढणीचे मासे येतात, तसाच हाही चढणीचा मासा. फक्त त्याची वाट फार लांबची. शरद ऋतूच्या अखेरीस मादी नदीतळाच्या खड्यांमध्ये अंडी घालते. पिल्ले काही वर्षे नदीत वाढतात आणि मग समुद्र गाठतात. समुद्रात एकच हिवाळा काढून परतणाऱ्या लहान सॅमनला ग्रिल्स म्हणतात. काही मासे ग्रीनलंडपर्यंत जाऊन दोन किंवा अधिक हिवाळ्यांनी परततात. हे मोठे सॅमन. मिरामिशीत ग्रिल्समध्ये नर जास्त आढळतात, तर मोठ्या सॅमनमध्ये माद्या. ही साधी बाब पुढे कळीची ठरली.

मोजणीचे महत्त्व

१९५४ साली या खोऱ्यातील सूचिपर्णी जंगलांवर अळीच्या बंदोबस्तासाठी विमानातून डीडीटी फवारण्यात आले. सुदैवाने कॅनडाचे मत्स्यशास्त्रज्ञ १९५० पासूनच वायव्य मिरामिशीतील सॅमनचा अभ्यास करत होते. त्यामुळे फवारणीपूर्वी किती पिल्ले होती आणि नंतर किती उरली, याची तुलना करता आली. त्या वसंतात जन्मलेल्या पिल्लांपैकी ऑगस्टपर्यंत एकही सापडले नाही. रेचल कार्सन यांनी १९६२ च्या 'सायलेंट स्प्रिंग' या पुस्तकात ही हकीकत जगापुढे मांडली. मोजणी आधीपासून सुरू नसती, तर नुकसान नेमके किती झाले हे सांगता आले नसते.

त्याच काळात पी. एफ. एल्सन हे शास्त्रज्ञ न्यू ब्रन्सविकमधीलच पॉलेट नदीवर वेगळा प्रश्न हाताळत होते : नदी पिल्लांनी भरून जाण्यासाठी किती अंडी लागतात? त्यांच्या कामातून १०० चौरस यार्डांना २०० अंडी, म्हणजे चौरस मीटरला सुमारे २.४ अंडी, असा आकडा पुढे आला. पूर्व कॅनडातील नद्यांसाठी तो पुढे कित्येक दशके मापदंड म्हणून वापरला गेला.

निम्मे मासे, पण शिल्लक किती?

या आकड्याचा अर्थ एका काल्पनिक नदीवरून पाहू. समजा, नदीचा तळ ४,८०,००० चौरस मीटर आहे. त्याला ११,५२,००० अंडी हवीत. एक मोठी मादी ८,००० अंडी घालते असे धरले, तर १४४ माद्या नदीत राहिल्याच पाहिजेत. चांगल्या वर्षी ३०० माद्या आल्या तर १५६ शिल्लक राहतात. वाईट वर्षी निम्म्याच, म्हणजे १५० आल्या तर? शिल्लक निम्मी होत नाही. ती ६ वर येते! मोजणीतील चूक आणि वाटेत मरणारे मासे लक्षात घेतले, तर ही शिल्लक नसल्यातच जमा.

'मासे निम्मे आले, म्हणून मर्यादाही निम्मी करा' हा वरवर न्याय्य वाटणारा तोडगा का चालत नाही, ते यावरून कळते. माणशी मर्यादेत आणखी एक खोट असते. प्रत्येकाला दोनच मासे म्हटले, तरी गळ टाकणारे शंभर की हजार, यावर एकूण पकड ठरते.

१९८४ साली कॅनडाने या प्रांतांत नियम केला, की गळाला लागलेला ६३ सेंटिमीटर किंवा त्याहून मोठा सॅमन पाण्यात परत सोडायचा. घरी न्यायचे ते फक्त ग्रिल्स, तेही ठरावीक संख्येत. यामागचे कारण आता वाचकांच्या ध्यानात आले असेल : अंड्यांचा मोठा साठा मोठ्या माद्यांकडे होता. जाळ्यांनी होणारी व्यापारी मासेमारीही त्याच सुमारास बंद झाली.

पण शिल्लक थोडी असली, तर आधी हक्क कोणाचा? कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरील एका सॅमन खटल्यात, स्पॅरो खटल्यात, १९९० साली सर्वोच्च न्यायालयाने क्रम स्पष्ट केला. प्रथम माशांचे रक्षण, त्यानंतर आदिवासींची अन्नासाठी आणि विधींसाठीची मासेमारी, मग इतर. म्हणजे तुटीच्या वर्षी हौशी मंडळींनी पंगतीतून आधी उठायचे.

गळ थांबला, तरी...

मिरामिशीत २०१५ पासून ग्रिल्सही सोडून देणे सक्तीचे झाले. सोडलेला प्रत्येक मासा मात्र जगतोच असे नाही. थंड पाण्यात बहुतेक मासे तगतात. पाणी तापले की त्यात विरघळलेला प्राणवायू कमी होतो आणि झुंजून थकलेला मासा सावरत नाही. म्हणून पाणी रात्रीही २० अंश सेल्सिअसखाली उतरेनासे झाले, की मासे आसऱ्याला जमतात ते गार डोह मासेमारीला बंद केले जातात.

एवढे करूनही मिरामिशीचा सॅमन सावरलेला नाही. समुद्रातून परतणाऱ्यांचे प्रमाण घटले आहे, उन्हाळे तापत आहेत. शिवाय नदीतील पट्टेरी बास हा शिकारी मासा, जो १९९० च्या दशकात काही हजारांवर आला होता, तो काही लाखांवर गेला आणि समुद्राकडे निघालेली सॅमनची पिल्ले खातो. गळावरची मर्यादा यांपैकी एकही कारण दूर करत नाही. ती बियाणे राखते, इतकेच. पण नदी पुन्हा थंड झाली, समुद्र अनुकूल झाला, तरी बियाणेच नसेल तर उगवणार काय?

विद्यार्थ्यांना वरच्या उदाहरणातील माद्यांची संख्या बदलून हे गणित करायला द्यावे. किती माद्या आल्यावर गळ टाकू द्यावा, आणि मोजणीत दहा टक्के चूक असेल तर उत्तर कसे बदलते, यावर वर्गात चांगली चर्चा होऊ शकेल.