अखंड अपस्मार आणि मेंदूची प्रतिमा : नगर जिल्ह्याच्या संदर्भात एक साधनचिकित्सा

मराठी पत्रव्यवहाराच्या संशोधकाला एक अडचण नित्य भेडसावते. पत्रावर तिथी असते, वारही असतो. परंतु शक पुष्कळदा नसतो. काल निश्चित झाल्यावाचून अशा पत्रातील मजकूर, तो कितीही अस्सल असला तरी, इतिहासाला उपयोगी पडत नाही. चुकीच्या वर्षात बसविल्यास तो उलट दिशाभूल करतो. वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून प्रसिद्ध केलेल्या साधनखंडांनी हा धडा महाराष्ट्राला दिला. प्रस्तुत लेखाचा विषय वरकरणी या क्षेत्राबाहेरचा आहे. अपस्माराचा झटका दीर्घकाळ चालल्यावर रोग्याच्या मेंदूची चुंबकीय अनुनाद-प्रतिमा, म्हणजे रूढ भाषेत एम्. आर्. आय्., काढली जाते. ही प्रतिमाही एक साधनच होय, आणि तिला कालनिश्चितीचा तोच नियम लागू पडतो, हे दाखविण्याचा येथे प्रयत्न केला आहे. उदाहरणासाठी अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) जिल्हा का निवडला, हे पुढे स्पष्ट होईल.

१. संकल्पनेचा इतिहास

चरकसंहितेने अपस्माराचे लक्षण स्मृतीच्या अपगमावरून सांगितले आणि वातज, पित्तज, कफज व सान्निपातिक असे त्याचे चार प्रकार मानले. लोकभाषेत त्याला फेफरे, घुरे, आकडी, अलीकडे फिट, अशी नावे आहेत. कांदा किंवा जोडा हुंगविण्याचा उपचार आजही खेड्यापाड्यांतून पाहावयास मिळतो. झटका बहुधा दोन-तीन मिनिटांत आपोआप ओसरतो. त्यामुळे हुंगविलेल्या वस्तूला यशाचे श्रेय मिळते व समजूत दृढ होते. परंतु जो झटका ओसरतच नाही, त्याच्यापुढे ही समजूत निरुत्तर होते.

न थांबणाऱ्या झटक्याची स्वतंत्र अवस्था म्हणून नोंद १८२४ साली पॅरिसमध्ये काल्मेय याने आपल्या प्रबंधात केली. तथापि किती काळ लोटला म्हणजे झटक्याला ‘अखंड’ म्हणावे, हे दीर्घकाळ अनिश्चितच राहिले. १९६२ साली मार्सेय येथे गास्तो याच्या पुढाकाराने भरलेल्या परिषदेत या अवस्थेच्या व्याख्येचा व वर्गीकरणाचा पद्धतशीर विचार झाला. पुढे २०१५ मध्ये आंतरराष्ट्रीय अपस्मारविरोधी संघाने दोन कालमर्यादा सांगितल्या. सर्वांगाला आचके देणारा झटका ५ मिनिटांपलीकडे गेला, तर तो आपोआप थांबण्याची शक्यता कमी होते व उपचार सुरू करणे अवश्य ठरते. ३० मिनिटांपलीकडे गेल्यास मेंदूला कायमची इजा होण्याचा धोका असतो. म्हणजे या रोगाची व्याख्याच मुळी घड्याळावर उभी आहे.

२. इजेचा पुरावा

दीर्घ झटक्याने मेंदूला इजा होते, की आधीच इजा झालेल्या मेंदूत असे झटके उद्भवतात? हा वाद दीडशे वर्षे चालला. १८२५ मध्ये बुशे व काझोव्हिये यांनी शवविच्छेदनात मेंदूच्या हिपोकॅम्पस या भागातील काठिण्य नोंदविले. १८८० साली सोमर याने त्या भागातील पेशी नेमक्या कोठे नष्ट होतात ते दाखविले. पण शव हे अखेरचे पान असते. त्यावरून आरंभ कळत नाही. १९७३ मध्ये मेल्ड्रम व त्याच्या सहकाऱ्यांनी बबून वानरांवर प्रयोग केले. स्नायू शिथिल करून, कृत्रिम श्वास देऊन व शरीराची अवस्था सावरून धरूनही दीर्घ झटक्यानंतर हिपोकॅम्पसमध्ये इजा आढळली. मेंदूतील विद्युत्-क्षोभ हाच इजेचे एक कारण आहे, असे त्यावरून ठरले.

त्याच १९७३ साली लॉटरबर याने चुंबकीय अनुनादापासून प्रतिमा घडविण्याची रीत प्रसिद्ध केली. त्यापूर्वी, १९७१ मध्ये, हाउन्सफील्डच्या सी. टी. यंत्राने पहिल्या रोग्याचा मेंदू पाहिला होता. लॉटरबर व मॅन्सफील्ड यांना २००३ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. अशा रीतीने जिवंत मेंदूतील बदल पुनःपुन्हा पाहणे शक्य झाले.

३. प्रतिमेचे वाचन

अखंड अपस्मारात एम्. आर्. आय्. दोन प्रश्नांना उत्तर देऊ शकते. पहिला प्रश्न कारणाचा. पक्षाघात, बाळंतपणानंतर मेंदूच्या शिरांत गोठलेले रक्त, विषाणुजन्य मेंदूज्वर, क्षयाची गाठ, फीतकृमीच्या अळीची पुटी ही कारणे तिच्यात ओळखता येतात. दुसरा प्रश्न परिणामाचा. पाण्याच्या रेणूंची हालचाल मोजणाऱ्या चित्रमालिकेत मेंदूचे बाह्यक, हिपोकॅम्पस व थॅलॅमसचा मागील भाग उजळ दिसतात, कारण क्षोभाने थकलेल्या पेशी फुगतात व पाण्याचा संचार रोखला जातो. येथेच फसगत संभवते. पक्षाघातातही असाच उजळपणा दिसतो. भेद करावयाचा तो विस्तारावरून : पक्षाघाताची खूण एका रक्तवाहिनीच्या क्षेत्राला धरून असते, झटक्याची खूण त्या सीमा पाळत नाही, शिवाय झटक्यात त्या भागाचा रक्तपुरवठा पुष्कळदा वाढलेला असतो.

परंतु निर्णायक गोष्ट म्हणजे काल. पहिल्या दिवशीचा उजळपणा काही आठवड्यांत पूर्णपणे मावळू शकतो. किंवा तोच हिपोकॅम्पस पुढे आक्रसून कठीण होऊ शकतो. झटका केव्हा सुरू झाला व केव्हा थांबला हे ठाऊक नसेल, तर प्रतिमा म्हणजे शक नसलेले पत्र होय.

चुकीच्या वाचनाचे एक उदाहरण भारतातलेच आहे. सी. टी. चित्रात दिसणारी लहान वलयाकार गाठ येथे दीर्घकाळ क्षयाची समजली जाई व अनेकांना क्षयाची औषधे दिली जात. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातील चंडी, राजशेखर व सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये दाखवून दिले की, अशा एकट्या लहान गाठी बहुधा फीतकृमीच्या अळीमुळे होतात. यंत्र खोटे बोलत नव्हते. वाचन सदोष होते.

४. नगर जिल्ह्याची साक्ष

या जिल्ह्यात वैद्यकाचे दोन प्रवाह शेजारी शेजारी वाहतात. उत्तर भागात १९२६ मध्ये पूर्ण झालेल्या भंडारदरा धरणाच्या पाण्यावर ऊस वाढला. विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने व धनंजयराव गाडगीळ यांच्या मार्गदर्शनाने प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याचे गाळप १९५० मध्ये सुरू झाले, आणि त्या सहकारी परंपरेतून लोणी येथे १९८४ साली ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय उभे राहिले. महागडे प्रतिमायंत्र खेड्याजवळ येण्यास असेच भांडवल व अशीच संस्था लागते. दक्षिणेच्या दुष्काळी पट्ट्यात, जामखेड येथे, रजनीकांत व मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावातीलच स्त्रियांना शिकवून आरोग्यसेविका करावयाचे, हे त्याचे सूत्र. १९७९ मध्ये या दांपत्याला मॅगसेसे पारितोषिक मिळाले.

सामान्यतः पहिल्या प्रवाहाला प्रगती व दुसऱ्याला सेवा म्हणण्याचा प्रघात आहे. अखंड अपस्माराच्या बाबतीत हा भेद टिकत नाही. आचके देणाऱ्या रोग्याची प्रतिमा काढताच येत नाही. आधी झटका थांबवावा लागतो, श्वास सांभाळावा लागतो, आणि मग रोग्याला यंत्रात निश्चल ठेवावे लागते. झटका थांबविण्याची पहिली मात्रा शिरेतूनच द्यावी लागते असेही नाही. २०१२ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, रुग्णालयाबाहेर स्नायूत दिलेले मिडाझोलाम शिरेतून दिलेल्या लोराझेपामपेक्षा उणे ठरले नाही. अकोल्याच्या डोंगरातून किंवा पाथर्डीच्या वाडीवरून मोठ्या रुग्णालयापर्यंत येण्यास ३० मिनिटे सहज उलटतात. तेव्हा मेंदू वाचतो तो गावात. प्रतिमा नंतर सांगते ती काय वाचले व काय गेले एवढेच.

दुसरी गोष्ट माहितीची. चालू औषध अचानक बंद करणे हे अखंड अपस्माराचे एक प्रमुख कारण आहे आणि ते कोणत्याही प्रतिमेत दिसत नाही. ते घरच्यांनी सांगावे लागते. पण घर ते लपविते, विशेषतः मुलीच्या बाबतीत. यात कायद्याचाही हातभार होता. हिंदु विवाह कायद्यात १९७६ च्या दुरुस्तीने अपस्माराचे वारंवार येणारे झटके हा विवाहातील बाध मानला गेला. तो १९९९ मध्ये वगळण्यात आला. कायदा बदलला, तरी लपविण्याची सवय त्याच्याबरोबर गेली असे म्हणता येत नाही.

५. समारोप

यंत्रांच्या आगमनाची यादी म्हणजे वैद्यकाचा इतिहास नव्हे. या विषयात प्रतिमेइतकेच मोलाचे साधन म्हणजे झटका पाहणाऱ्या आईची, शेजाऱ्याची किंवा आरोग्यसेविकेची साक्ष : तो केव्हा सुरू झाला, कोणत्या अंगापासून, किती वेळ चालला, औषध कधीपासून बंद होते. ही साक्ष लिहून ठेवण्याची रीत जिल्ह्यातील रुग्णनोंदींत कशी रुजली, कोठे खुंटली, याचा शोध घेणे हे इतिहासाच्या विद्यार्थ्याचे काम होय. तशी नोंद रुग्णासोबत यंत्रापर्यंत पोहोचेल, तेव्हाच लोणीच्या चित्राला जामखेडची तिथी लाभली असे म्हणता येईल.