चोख मालाची चढाओढ

व्यापाराचा इतिहास सांगताना भाव, आवक आणि नफा यांचा हिशेब पुष्कळदा मांडला जातो; परंतु गिऱ्हाईक कोणत्या उपायांनी वळवावे आणि कोणत्या उपायांनी वळवू नये, याविषयी समाजाने काय ठरविले, हे सहसा पाहिले जात नाही. सातारा-सांगलीकडच्या श्रोत्यांपुढे हा प्रश्न मांडण्यास आम्हांस विशेष कारण आहे. जाहिरातीचे धडे या भागाने लवकर गिरविले.

१९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानात, कुंडलच्या माळावर कारखाना उभारला. लोखंडी नांगराने जमीन नासते, ही शेतकऱ्यांची समजूत दूर झाल्यावाचून नांगर खपणार नव्हता. १९२० मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी सुरू केलेली 'किर्लोस्कर खबर' ही प्रथम कारखान्याची वार्ता लोकांपर्यंत नेणारीच पत्रिका होती. कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीचा 'प्रभाकर' कंदीलही स्वदेशीच्या लाटेत नावारूपाला आला. मालाचे गुण सांगून गिऱ्हाईक मिळविणे, ही चढाओढ कोणीही अन्यायाची म्हणणार नाही.

पण नावाला किंमत आली की नकलेलाही किंमत येते. १८६० च्या दंडसंहितेने खोटी व्यापारी खूण हा गुन्हा ठरविला. १८८९ च्या कायद्याने माल कोठे तयार झाला याविषयीचे खोटे वर्णनही दंडनीय केले. १९४० च्या कायद्याने व्यापारचिन्हांच्या नोंदणीची सोय झाली. या सर्वांचा रोख मालावरील खुणेकडे होता. खूण खरी ठेवून बक्षिसाचे आमिष दाखविले, तर हे कायदे बहुतांशी मूक होते.

त्या आमिषाचा विचार प्रथम झाला तो शब्दकोड्यांच्या निमित्ताने. सातारा व दक्षिण सातारा (१९६० पासून सांगली) हे जिल्हे त्या वेळी मुंबई राज्यात होते. या राज्याने १९४८ साली बक्षीसस्पर्धांवर नियंत्रण व कर बसविला आणि राज्याबाहेर छापल्या जाणाऱ्या स्पर्धाही १९५२ च्या दुरुस्तीने कक्षेत आणल्या. चमारबागवाला खटल्यात १९५७ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, जुगार हा व्यापार नव्हे; व्यापारस्वातंत्र्याचे संरक्षण त्याला नाही. मात्र ही कोडी स्वतःच एक धंदा होती. साबणाच्या वा चहाच्या खपासाठी लावलेल्या बक्षिसांचा प्रश्न निराळाच राहिला.

त्याला उत्तर मिळाले १९८४ साली. १९६९ च्या मक्तेदारीविरोधी कायद्यात 'अनुचित व्यापार प्रथा' हे प्रकरण तेव्हा घातले गेले. द्यावयाचे नाही असे बक्षीस जाहीर करणे, किमतीत धरलेली वस्तू 'फुकट' म्हणून देणे, खप वाढविण्यासाठी सोडत काढणे, हे सारे त्यात आले. १९८६ च्या कायद्याने ग्राहकाला जिल्ह्यातच दाद मागण्याची सोय दिली. २०१९ च्या कायद्याने फसव्या जाहिरातीस १० लाख रुपयांपर्यंत, आणि पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंड ठेवला आहे.

येथे एक उणीव दिसते. गिऱ्हाईक फसले म्हणजे शेजारचा सचोटीचा दुकानदारही बुडतो. जर्मनीने १८९६ सालीच गैरवाजवी स्पर्धेचा स्वतंत्र कायदा करून अशा प्रतिस्पर्ध्याला न्यायालयाचे दार उघडले. आपल्याकडे तसा एकत्र कायदा नाही. ग्राहक-कायद्याखाली प्रतिस्पर्धी हा ग्राहक नव्हे. २००९ साली मक्तेदारी आयोगही गेला. त्याला मुख्यतः दिवाणी दाव्याचा खर्चिक मार्ग उरतो.

या दृष्टीने भौगोलिक मानांकनाकडे पाहावे. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला ते २०१० साली, सांगलीच्या बेदाण्याला २०१६ साली आणि सांगलीच्या हळदीला २०१८ साली मिळाले. परगावची हळद सांगलीच्या नावाने विकणाऱ्याविरुद्ध उत्पादकांना त्यामुळे एकत्र उभे राहता येते. परंतु नोंदणी म्हणजे राखण नव्हे. बाजारात फिरून खोटे पोते हुडकणारा आणि दावा लावणारा कोणी संघ नसेल, तर प्रमाणपत्र भिंतीवर राहील आणि नाव दुसऱ्याच्या गल्ल्यात जाईल. हे काम सरकारने करावे अशी वाट न पाहता येथल्या शेतकऱ्यांनी व अडत्यांनी ते अंगावर घ्यावे, एवढेच आमचे सांगणे आहे.