कुणबिणीचे मूल कोणाचे?

पेशवाईतल्या गुलामगिरीचे विवेचन बहुधा खरेदी-विक्रीपाशी सुरू होते आणि तिथेच थांबते. खानदेशासह पेशव्यांच्या मुलखात गुलाम म्हणून राबणाऱ्यांत बायका फार होत्या. त्यांना कुणबिणी किंवा बटकी म्हणत. सरकारी कोठ्यांत, पागांत आणि सरदारांच्या वाड्यांत त्या दळणकांडण, शेणगोठा करीत. काही दुष्काळात विकल्या गेलेल्या, काही स्वाऱ्यांत धरून आणलेल्या. तिसरा मार्ग मात्र मला सर्वांत बोलका वाटतो. परपुरुषाशी संबंध शाबीत झाला, की सरकार त्या बाईला कुणबीण करू शके. जे प्रेम गुन्हा ठरले, त्यातूनच राज्याला फुकटचे हात मिळत. तीच बाई वाड्यात आल्यावर धन्याने तिच्याशी ठेवलेल्या संबंधाला मात्र कोणी गुन्हा म्हणत नसे.

मग तिच्या मुलाचे काय? मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात गाय, घोडी, म्हैस यांच्या ओळीतच दासी येते: संतती जन्म देणाऱ्या पुरुषाची नव्हे, मादीच्या मालकाची. अटलांटिकपलीकडे व्हर्जिनियाने 1662 मध्ये मुलाचा दर्जा आईवरून ठरवला, तेव्हा हिशेब हाच होता. फ्रेंच लुइझियानात 1724 च्या संहितेने गोऱ्या-काळ्यांचे लग्न निषिद्ध केले. तिथे रंगाची भिंत होती, इथे जातीची. कौटिल्याने मात्र धन्यापासून मूल झालेली दासी मुलासह मुक्त मानली होती. याज्ञवल्क्याने शूद्राच्या दासीपुत्राला वाटा दिला, द्विजांच्या नाही. म्हणजे बाप जितका वरच्या वर्णाचा, तितके मूल बेवारस. वाड्यात वाढलेला लेकावळा, म्हणजे कुणबिणीचा मुलगा, बापाचे घर झाडे आणि बापाला धनी म्हणे.

1818 मध्ये खानदेश इंग्रजांकडे गेला, कॅप्टन जॉन ब्रिग्ज कारभार पाहू लागला. गुलामावरचा हक्क न्यायालयांनी मानू नये, हा कायदा त्यानंतर पंचवीस वर्षांनी, 1843 मध्ये झाला. माणूस गुलाम म्हणून विकणे गुन्हा ठरले ते दंडविधान 1862 मध्ये लागू झाल्यावर. या कायद्यांनी मालकाचा दावा मोडला, हे मोठेच काम. पण आईला तिचे विकलेले मूल शोधून देण्याची जबाबदारी कोणावरच टाकली नाही.

हा इतिहास लिहायचा तर घरगुती दफ्तरे हवीत. जळगाव-धुळ्याकडच्या जुन्या वाड्यांत मोडी कागदांचे रुमाल, म्हणजे गठ्ठे, असतील, तर ते रद्दीत घालू नका. धुळ्याचे राजवाडे संशोधन मंडळ 1927 पासून असे कागद जपण्यासाठीच उभे आहे. कुणबिणींची नावे असलेला कागद लाजेपोटी बाजूला काढू नका. तोच आधी दाखवा.